दुसऱ्या जाळीचा आकडा

लेमविग, ९ जानेवारी १९९६

एस्किल,

'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले असं समजू नकोस.

तुझ्या कंपनीची पंचवीस वर्षांची पुस्तिका मिळाली. पाकिटावर माझं नाव छापील चिठ्ठीवर होतं, म्हणजे गिऱ्हाइकांच्या यादीतून आलं. सख्ख्या बहिणीला निराळं पाकीट कशाला.

पान सातवर फोटो आहे. वाइंडिंग यंत्रावर दोन हात, बोटांतून तांब्याची तार सरकते आहे. खाली तू लिहिलंयस, 'सुरुवातीच्या दिवसांत संस्थापक स्वतः स्वयंपाकघरातल्या टेबलावर ट्रान्स्फॉर्मर गुंडाळत.' एस्किल, त्या डाव्या करंगळीला एक पेर कमी आहे. ते पेर चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये तुझ्या पहिल्या मोठ्या ऑर्डरीपायी त्याच यंत्रात गेलं. तुझ्या दोन्ही करंगळ्या शाबूत आहेत. हात चोरायचे तर निदान बोटं मोजून घ्यावीत.

बावीस वर्षं तुझ्या प्रत्येक ॲम्प्लिफायरचा ट्रान्स्फॉर्मर मी या घराच्या मागच्या खोलीत गुंडाळला. मग तू दोन ओळी लिहून काम परदेशी पाठवलंस. तेव्हा मी काही बोलले नाही. पोटासाठी माणूस काहीही करतो, म्हटलं. पण हात?

भांडायला लिहीत नाही, कळवायला लिहिते आहे. तुझा ॲम्प्लिफायरचा नवा संच, घरी जोडायचा तो, मी विकत घेतला. शेजारच्या गुद्रुनच्या नावावर मागवला, म्हणजे सूट देऊन उपकार करण्याची तुझी संधी हुकली. आता तो उघडून त्याचं मी काय करते ते बघ.

बोडिल


४ फेब्रुवारी

एस्किल,

तुझं कार्ड मिळालं. 'फोटोची चूक छापखान्याची.' बरं.

संच जोडून झाला. तीन संध्याकाळी लागल्या. तुझ्या सूचना वाचून जोडला असता तर सहा लागल्या असत्या. वाजवून बघितला. तुझ्यासारखाच आहे, पहिल्या भेटीत छान वाटतो.

तू त्यात शेवटचे व्हॉल्व्ह, आवाज मोठा करणाऱ्या त्या काचेच्या नळ्या, ईएल चौतीस घातलेस. सगळे तेच घालतात. मी ते काढून बाबांचे ईएल छत्तीस बसवणार आहे. हो, टीव्हीचे. बाबांच्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानातली त्यांची अकरा खोकी अजून माझ्या माळ्यावर आहेत. दुकान मोडलं तेव्हा तू म्हणाला होतास, 'हा कचरा समुद्रात टाक.' टीव्हीच्या पडद्यावर आडव्या रेषा ओढायचं काम करणारा व्हॉल्व्ह. बाबा त्याला नांगराचा घोडा म्हणायचे. संगीताला कोण जुंपणार त्याला?

सॉकेट तेच चालतं. फक्त प्लेटची तार खालून काढून वर, काचेच्या डोक्यावरच्या टोपीला न्यावी लागते. तुझा ट्रान्स्फॉर्मर मात्र याला चालणार नाही. याला फेरे कमी आणि तार जाड हवी. तुझ्या कंपनीत आता असा ट्रान्स्फॉर्मर गुंडाळणारं कुणी नाही. माझ्या घरात आहे.

बोडिल


१८ फेब्रुवारी (हे पत्र टाकणार नाही)

एस्किल,

काल बाबांचे व्हॉल्व्ह घालून पहिल्यांदा चालू केला. गुद्रुन सोबतीला बसली होती, हातात विणकाम घेऊन. आवाज आला आणि तिच्या सुया थांबल्या. दहा मिनिटं अशी गेली की मी बाबांना हाक मारणार होते.

मग गुद्रुन म्हणाली, "बोडिल, ते आतमध्ये लाल झालंय ते तसंच असतं का गं?"

तसं नसतं. या व्हॉल्व्हच्या आत एकामागे एक जाळ्या असतात. चौतीसची दुसरी जाळी कितीही व्होल्ट सोसते. छत्तीसची अडीचशेच्या वर सोसत नाही आणि दीडशेवर खूश असते. मी घाईत ती जुन्याच तारेवर ठेवली होती, साडेतीनशेवर. जाळी निखाऱ्यासारखी तापली. मी बटण बंद केलं आणि मग पाऊण तास पायरीवर बसून राहिले. अजून दोन मिनिटं, आणि काहीतरी फुटलं असतं.

आज दुरुस्त केलं. दीडशे व्होल्ट, मधे व्होल्ट उतरवणारा योग्य रेझिस्टर, मीटरचा काटा हलत नाही. आता वाजतो तो असा वाजतो की तुझी पंचवीस वर्षं त्यापुढे कपाटात ठेवावीत.

हे तुला कळवणार नाही. पण कुणाला तरी सांगायला हवं, आणि इतक्या वर्षांत अशा गोष्टी ऐकणारा तूच होतास, हीच माझी अडचण आहे.


३ मार्च

एस्किल,

झालं. ऐकायचा असेल तर ये. रविवारी मी घरी असते, तुला माहीतच आहे. एरवीही घरीच असते.

बोडिल


११ मार्च (टाकणार नाही)

एस्किल,

तू येशील असं वाटलं नव्हतं. ऑर्हूसहून दोन तास गाडी हाकत आलास, बेकरीतला केक घेऊन. दारातच म्हणालास, "घराला अजून तोच वास येतो गं. वार्निश आणि कॉफी."

"तुझ्या घराला कसला येतो?"

"माझ्या घराला कसलाच वास येत नाही," म्हणालास, आणि क्षणभर मला तू आवडलास. ते लगेच विरून गेलं.

मी चर्चमधल्या मुलांच्या गाण्याची रेकॉर्ड लावली. तू आधी पाय हलवत होतास. मग पाय थांबला. रेकॉर्डची बाजू संपली, सुई आतल्या चरीत खरखरत राहिली, तरी तू उठला नाहीस.

"हे टीव्हीच्या व्हॉल्व्हवर? चेष्टा करतेस."

"वर टोप्या दिसतायत ना? हात लावून बघ, चारशे व्होल्ट आहेत. चेष्टा कळेल."

तू हसलास. मग तो आवाज काढलास, गिऱ्हाइकांशी बोलतानाचा. "बोडिल, आराखडा दे मला. वीस एप्रिलला होर्सेन्सला मेळावा आहे. सगळे व्हॉल्व्हवाले येतात. आपण दोघं मिळून दाखवू."

"नाही देणार."

"तुझं नाव घालीन."

"कुठे? पान सातवर?"

"तू ना, अगदी बाबांवर गेलीस. मेले तरी स्क्रू सोडायचे नाहीत."

मग मी कॉफी करायला आत गेले. माझी कॉफी चार मिनिटांत होते. काल मी अकरा मिनिटं लावली. आराखडा टेबलावर साखरेच्या भांड्याखाली होता. तुझ्या खिशातल्या कॅमेऱ्याचा आवाज मला दोनदा ऐकू आला.

तो आराखडा मी शनिवारी रात्रीपर्यंत बसून खास तुझ्यासाठी काढला होता. सगळा खरा आहे, एक जागा सोडून. दुसऱ्या जाळीच्या दीडशेतल्या एकाचा मी तीन केला. वाटेतला रेझिस्टरही त्या आकड्याला शोभेल असा लहान काढला, म्हणजे कुणी हिशेब करून बघितला तर जुळावा.

तू चोरला नसतास तर काही झालं नसतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. दार उघडं ठेवणं हा गुन्हा नाही.

कुठला व्हॉल्व्ह किती व्होल्ट सोसतो त्याचा छापील तक्ता तू उघडून बघणार नाहीस. कधीच बघितला नाहीस. मेळाव्यात व्यासपीठावर उभा राहशील, बटण दाबशील, दहा मिनिटं टाळ्या घेशील. मग तीनशे माणसांसमोर ती जाळी लाल होईल, धूर निघेल, आणि मी मागच्या रांगेतून विचारीन, 'एस्किल, ही रचना तुझी ना?'


१२ मार्च

एस्किल,

केक छान होता. उरलेला गुद्रुनला दिला. रस्त्यात बर्फ लागला नसेल अशी आशा.

बोडिल


२६ मार्च (टाकणार नाही)

एस्किल,

तुझं पत्रक आलं. 'आमच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांच्या संशोधनातून सिद्ध झालेलं ईएल छत्तीस रूपांतर. मेळाव्यात प्रथमच.' दोन वर्षं! पंधरा दिवस म्हणायलाही लाजायला हवं होतंस.

मी ते पत्रक भिंतीला टाचलं. जाता-येता वाचते. कित्येक महिन्यांत इतकी भूक लागली नव्हती. काल राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा घालून तीन तुकडे खाल्ले आणि गुद्रुनला म्हटलं, होर्सेन्सची बस किती वाजता असते बघून ठेव.

ती म्हणाली, "तुझ्या चेहऱ्याकडे बघून मला भीती वाटते."

"वाटू दे."


३१ मार्च (टाकणार नाही)

एस्किल,

तुझा फोन येऊन गेला. तू रडत होतास, म्हणून मला आधी नीट कळलं नाही. कळल्यावर तुझं पुढचं ऐकू आलं नाही.

सिग्ने. तुझी मुलगी. मेळाव्याचा नमुना तू जोडणार होतास. तू व्यासपीठावर. तू. सिग्नेचं नाव माझ्या डोक्यात कुठेच नव्हतं. आणि का नव्हतं? तुझ्या कंपनीत गेली चार वर्षं प्रत्येक नमुना तीच जोडते, हे मला ठाऊक आहे. तिला सोल्डर करायला मी शिकवलं. आठ वर्षांची होती, जिभेचं टोक बाहेर काढून करायची.

नमुना चालू करून ती वाकून बघत होती. व्हॉल्व्हच्या आतल्या जाळ्या जळून एकमेकींना चिकटल्या आणि शेजारचा कपॅसिटर फुटला. त्यातलं उकळतं द्रव डाव्या डोळ्यात गेलं.

तू फोनवर म्हणालास, "काहीतरी चुकलंय, बोडिल, तुझ्या आराखड्यात काहीतरी." माझा आराखडा घेतल्याचं त्या एका वाक्यात तू कबूल केलंस. मी या वाक्याची वाट बघत होते. आलं तेव्हा मी फक्त विचारलं, "कुठला डोळा?"


११ एप्रिल (टाकणार नाही, अजून तरी)

एस्किल,

आज सिग्ने आली. तुला सांगून आली नाही. डाव्या डोळ्यावर पट्टी आहे. डोळा वाचला, पण त्यातून सगळं धुक्यातलं दिसतं आणि धुकं जाईल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. एवढं तिने कोट काढता काढताच सांगितलं, हवापाणी सांगावं तसं.

मग बसली आणि म्हणाली, "आत्या, आकडा चुकला की चुकवलास?"

"कॉफी घेतेस?"

"आत्या."

"चुकवला."

बाहेर गुद्रुनचा कुत्रा कुणावर तरी भुंकत होता.

"तक्ता मी बघितला होता," ती म्हणाली. "अडीचशेच्या वर जायचं नाही, स्वच्छ छापलंय. बाबांना दाखवलंही. ते म्हणाले, आकडे बोडिलचे आहेत. ती चुकत नाही. आयुष्यात एकदाही चुकलेली नाही."

"तो असं म्हणाला?"

"हो. आणि मलाही तेच वाटलं. तुझं अक्षर होतं ना. म्हटलं, आत्याला तक्त्यापेक्षा जास्त कळत असणार."

एस्किल, हे वाक्य तू बावीस वर्षांत एकदा जरी माझ्या तोंडावर म्हणाला असतास! एकदा, नाताळच्या जेवणात, भांडी उचलता उचलता म्हणाला असतास तरी पुरलं असतं. तू ते त्या पोरीला सांगितलंस, आणि माझ्यावर विश्वास ठेवून ती वाकली.

मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला. "ते नंतर. आधी दुसरं. मेळाव्याआधीच चाळीस संच गेलेत."

"कुठे गेलेत?"

"आगाऊ मागणीवाल्यांना. रूपांतराचे भाग आणि आराखडा, पाकिटात घालून. जुन्या टीव्हीदुकानांतून बाबांनी व्हॉल्व्हची खोकी गोळा केली. ट्रान्स्फॉर्मर तोच ठेवला. म्हणाले, फरक कुणाला कळतो?"

"आणि आता? त्यांना कळवलं ना त्याने?"

"म्हणतायत मेळावा होऊ दे. आधी बोभाटा झाला तर कंपनी बसेल. मग शांतपणे पत्रं पाठवू."

ग्राहकांची यादी तिने पर्समधून काढून टेबलावर ठेवली. दुपारी एकपासून आम्ही फोन करत होतो. ती नंबर फिरवायची, मी बोलायचे. 'चालू करू नका. चालू असेल तर भिंतीतून पिन काढा. आकडा चुकीचा आहे.' बहुतेकांनी अजून जोडायला घेतलं नव्हतं. सहा जण भेटले नाहीत, त्यांच्या शेजाऱ्यांना गाठलं. थिस्टेडचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अहो, मी तर परवापासून वाजवतोय. हळू आवाजात. आत काहीतरी लाल दिसतं. इतकं सुंदर दिसतं की आम्ही दोघं दिवा मालवून बघत बसतो."

मी त्यांना फोन खाली ठेवायला लावला नाही. पिन काढून परत या, मला सांगा, असं म्हटलं. ते जाऊन येईपर्यंत सिग्नेने माझा हात धरला होता. तिने का धरला ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.


१३ एप्रिल

एस्किल,

तुझं आठ तारखेचं पत्र समोर आहे. दोनदा वाचलं.

तू लिहितोस, व्हॉल्व्ह जुने होते, खराब निघाले, असं सांगू. माझा आकडा आणि तुझी प्रयोगशाळा, दोन्ही वाचतील. घरातलं घरात राहील. त्या बदल्यात पुढच्या पुस्तिकेत पूर्ण पान. माझा फोटो, चेहऱ्यासकट. 'सर्व ट्रान्स्फॉर्मर आणि ईएल छत्तीस रूपांतर: रचना बोडिल हाउबियर्ग.' नमुन्याचं पानही जोडलंयस, मोठ्या अक्षरांत.

मी ते पान बराच वेळ बघत बसले. खोटं कशाला बोलू, हवंसं वाटलं. जानेवारीत हे पान आलं असतं तर मी ते चौकटीत लावून तुला नाताळला हंस भाजून घातला असता. आता तू ते देतो आहेस कारण मी तुझ्या मुलीचा डोळा घालवला आणि तुला ते लपवायचं आहे. म्हणजे आपण दोघं एकमेकांचं झाकू आणि बाबांच्या नांगराच्या घोड्यावर ठपका ठेवू. तो तर बिचारा दीडशे व्होल्ट मागत होता.

नाही.

परवा रात्री मी एक पत्र लिहिलं. सोपं आहे, एका पानाचं. त्यात खरा आराखडा आहे, दुसऱ्या जाळीचे दीडशे व्होल्ट आणि बरोबर रेझिस्टर. ट्रान्स्फॉर्मरचे फेरे, तारेची जाडी, थरांमधला कागद, सगळं आहे. ज्याला हवं त्याने गुंडाळावं, मी कुणाकडून काही मागत नाही. खाली लिहिलंय की रचना माझी आहे. कंपनीने ती माझ्या टेबलावरून न विचारता उचलली. आणि आकडा मी जाणूनबुजून खोटा लिहिला होता, उचलली जाणार हे ठाऊक असताना. त्यात एका मुलीला इजा झाली आणि ती माझी भाची आहे. सही केली, पूर्ण नाव.

गुद्रुन म्हणाली, "तुझ्यावर खटला भरतील." भरोत. पोलिसांकडे सोमवारी जाते आहे, त्यांच्यासाठी एक प्रत वेगळी काढली आहे. त्यांनी सोडलं तर वीस तारखेला होर्सेन्सलाही येईन, आणि मागच्या रांगेत बसणार नाही.

हे मी चांगुलपणाने करते आहे असं मनात आणू नकोस. मला अजून तुझा तेवढाच राग आहे. तू बुडावंस अशी इच्छा होती, ती आहे. फरक इतकाच की आता तुझ्याबरोबर मीही त्याच होडीत बसले आहे आणि बूच मीच काढते आहे. तू मला माफ करू नकोस. मीही तुला करत नाही. सिग्नेने काय करायचं ते तिचं ती बघेल. अजून तिने मला काही सांगितलेलं नाही, आणि विचारायचा हक्क मला नाही.

न टाकलेली सगळी पत्रं या पाकिटात घातली आहेत. क्रमाने वाच.

ते एका पानाचं पत्र चाळीस जणांना, मेळाव्याच्या मंडळाला आणि तीन मासिकांना गेलं. ती पाकिटं काल सकाळीच पेटीत पडली. तुझं मी आज टाकते आहे. म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा कुणाला फोन करून थांबवायचं राहिलं नसेल.

पाकिटांवरचे सगळे पत्ते परवा रात्रीच सिग्नेने लिहिले, एका डोळ्याने, टेबलाशी अगदी वाकून. मी म्हटलं, दमशील, उद्या लिही. ती म्हणाली, "नको आत्या, आजच. उद्या बाबा मला समजावतील आणि मी ऐकेन."

बोडिल